दोन कंदील आणि एक बाटली

मी दारूचा थेंब न घेता सदुसष्ट वर्षांचा झालो. यात माझा मोठेपणा काही नाही. आमच्या घरात त्या गोष्टीचे नावच कुणी काढत नसे. वडिलांचे धाकटे भाऊ, आमचे काका, त्यापायी पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यानंतर आजीने औषधाची रिकामी बाटलीसुद्धा फडताळात राहू दिली नाही. आम्ही भावंडे त्या धाकात वाढलो. पुढे धाक गेला तरी सवय राहिली. अशा माणसावर परमुलखात, लेकीच्या घरी, बायकोच्या आणि नातवाच्या देखत बिअरचा पेला उचलण्याची पाळी आली, त्याची ही हकिकत. ती माझ्यापुरतीच असती तर रविवारच्या सकाळी तुमच्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवली नसती. त्या पेल्याने मला एक प्रश्न विचारला, आणि तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवूनही मला त्याचे उत्तर देता आले नाही.

एप्रिल २०२५ मध्ये आम्ही उभयता बोस्टनजवळच्या एका उपनगरात मुलीकडे होतो. १८ तारखेची संध्याकाळ. बाहेर बोचरी थंडी होती. जेवणे आटोपत आली तेव्हा जावई उठले आणि फ्रिजच्या अगदी मागच्या कोपऱ्यातून एक बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

“बाबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. ही बाटली मी दोन वर्षे आजच्या दिवसासाठी राखून ठेवली आहे. तुम्ही घ्यावी असा आग्रह नाही, पण तिची गोष्ट तरी ऐका.”

मी सौभाग्यवतींकडे पाहिले. “ऐकायला काय जातंय?” असे म्हणून त्यांनी ताटे उचलायला सुरुवात केली. पण स्वयंपाकघरात गेल्या नाहीत, हे मी टिपून ठेवले.

बाटलीवर नाव होते ‘लिबर्टी एल’. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘अँकर’ नावाच्या जुन्या ब्रुअरीची ही बिअर. १९६५ मध्ये ही ब्रुअरी बंद पडण्याच्या बेतात होती. फ्रिट्झ मेटॅग नावाच्या एका तरुणाने तिचा मोठा हिस्सा विकत घेतला. धुलाई यंत्रांच्या मेटॅग घराण्यातला हा मुलगा. घरचा पैसा होता, पण बिअर कशी करतात याची माहिती त्याला बेताचीच होती. ती त्याने हळूहळू, चुका करत करत मिळवली. त्या काळी अमेरिकेत थोड्या बड्या कंपन्यांचे राज्य होते आणि सगळ्यांची बिअर एकाच चवीची, पाण्यासारखी पातळ. त्यात हा एवढासा कारखाना.

१९७५ साल उजाडले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला दोनशे वर्षे होत होती. बाजारात उत्साहाला उधाण आले होते. त्या एक-दोन वर्षांत कित्येक कंपन्यांनी आपल्या बिअरच्या डब्यांवर स्वातंत्र्ययुद्धाची चित्रे छापली. आतली बिअर तीच, वरचे चित्र तेवढे नवे. मेटॅगने मात्र बिअरच नवी करायला घेतली, आणि तिचा पहिला घाणा चढवायला दिवस निवडला १८ एप्रिल १९७५.

हा दिवस का, ते सांगायला माझा अकरा वर्षांचा नातू सरसावला. त्याच्या शाळेत महिनाभर हाच विषय चालू होता. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री बोस्टनमधल्या इंग्रज फौजेने गुपचूप कूच करायचे ठरवले. वीसेक मैलांवरच्या कॉन्कॉर्ड गावी वसाहतवाल्यांनी दारूगोळा साठवला होता, तो जप्त करायचा होता. जोसेफ वॉरन नावाच्या डॉक्टरला सुगावा लागला. त्याने पॉल रिव्हिअर या चांदीकाम करणाऱ्या कारागिराला बोलावून घेतले. ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यात दोन कंदील दाखवले गेले. एक कंदील म्हणजे फौज जमिनीवरून निघाली, दोन म्हणजे नदी ओलांडून, असा संकेत आधीच ठरला होता. रिव्हिअर होडीतून पलीकडे गेला, घोड्यावर बसला आणि वाटेतली गावे जागी करत लेक्सिंग्टनला पोचला. पहाटे तिथल्या हिरवळीवर सत्तरेक गावकरी बंदुका घेऊन उभे राहिले. समोर इंग्रजांची शिस्तबद्ध पलटण. पहिली गोळी कुणाची, हा वाद अजून मिटलेला नाही. आठ गावकरी मेले, आणि एका महायुद्धाला तोंड फुटले.

नातवाने हे सारे एका दमात सांगितले, आणि वर पुस्ती जोडली, “आजोबा, पण पॉल रिव्हिअर कॉन्कॉर्डला पोचलाच नाही. त्याला वाटेत पकडलं. पोचला तो डॉक्टर प्रेस्कॉट. आणि विल्यम डॉज पण निघाला होता, दुसऱ्या रस्त्याने.”

मी मनात म्हटले, शाबास. रिव्हिअर एकटाच लक्षात राहिला तो लाँगफेलोच्या कवितेमुळे. ही कविता १८६१ च्या जानेवारीत छापून आली, म्हणजे घटनेनंतर तब्बल पंचाऐंशी वर्षांनी. देश फुटायच्या बेतात होता आणि कवीला सर्वांना एकत्र आणणारा एक वीर हवा होता. पुढे १८६३ च्या संग्रहात त्याने ती एका खाणावळवाल्याच्या तोंडी घातली. रात्री शेकोटीभोवती प्रवासी जमले आहेत आणि मालक ही गोष्ट सांगतो आहे, अशी ती रचना.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. ‘बिअरचा आणि स्वातंत्र्याचा काय संबंध?’ असा प्रश्न आपल्या मनात चटकन येतो. माझ्याही आला. पण संबंध आहे. त्या काळच्या बोस्टनमध्ये सभागृहे थोडी आणि पहारे फार. माणसे जमत ती पिण्याच्या खाणावळींत. इंग्रजांच्या हालचालींवर नजर ठेवणारी तीसेक कारागिरांची मंडळी ‘ग्रीन ड्रॅगन’ नावाच्या गुत्त्यात भेटत असे, हे खुद्द रिव्हिअरने नंतर एका पत्रात लिहून ठेवले आहे. लेक्सिंग्टनच्या गावकऱ्यांनी त्या थंड रात्री फौजेची वाट पाहिली ती हिरवळीलगतच्या बकमन टॅव्हर्नमध्ये. जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७५७ च्या वहीत हलकी बिअर घरी कशी करावी याची कृती त्याच्या हातची लिहिलेली आहे. आपल्याकडे जशी गावाची चावडी आणि पाराचा वड, तशी तिथे ती जागा होती. म्हणून मेटॅगने त्या रात्रीच्या नावाने बिअर केली, तेव्हा त्याने दोन परक्या गोष्टींचे लग्न लावले नाही. नाते आधीचेच होते, त्याने ते उजळले.

कसे उजळले, हेही सांगण्यासारखे आहे. बिअर म्हणजे मुळात मोड आणलेले धान्य. आपण नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतो. तसेच जवाला मोड आणून, वाळवून, भाजून मॉल्ट करतात. ते गरम पाण्यात भिजवले की गोडसर पाणी निघते. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले उकळतात. ती कडू असतात. मॉल्टचा गोडवा त्याने कापला जातो आणि पेय टिकतेही. मग थंड करून यीस्ट घालायचे आणि आंबू द्यायचे. मेटॅगने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, ‘कॅस्केड’ जातीची अमेरिकन फुले वापरली. ही जात ऑरेगनमध्ये तयार होऊन १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली होती. पपनसाच्या सालीसारखा तिचा वास. दुसरी गोष्ट, फुलांचा काही भाग उकळला नाही. आंबवण झाल्यावर, थंड बिअरमध्ये, तशीच फुले घातली. उकळीत वास उडून जातो, म्हणून आपण नाही का आमटी उतरवल्यावर वरून कोथिंबीर घालत? तसेच. याला ड्राय हॉपिंग म्हणतात, आणि गंमत अशी की ही रीत मूळची इंग्रजांची. इंग्रजांविरुद्धच्या बंडाची आठवण मेटॅगने इंग्रजी रीत आणि अमेरिकेच्या मातीतले फूल एकत्र करून जागवली. पुस्तकी मास्तराला याहून चांगला धडा लिहिता आला नसता.

त्या वेळी अनेकांना ती चव फार कडू वाटली. १९८३ पासून ती नेहमीसाठी बाजारात आली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सगळ्या अमेरिकेत शंभराच्या आत ब्रुअऱ्या उरल्या होत्या. आज त्या नऊ हजारांहून अधिक आहेत. छोट्या कारखान्यांच्या या चळवळीचा एक झरा त्या १८ एप्रिलच्या घाण्यातून निघाला, असे जाणकार मानतात. आणि मेटॅगची ब्रुअरी? ती २०१० मध्ये त्याने विकली, २०१७ मध्ये जपानच्या सापोरो कंपनीने घेतली, आणि जुलै २०२३ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर झाले. २०२४ मध्ये दह्याच्या धंद्यात नाव कमावलेल्या हमदी उलुकाया यांनी ती विकत घेतली. पण आमच्या टेबलावरची बाटली होती ती बंद होण्याआधीची. बातमी आल्याबरोबर जावयांनी कॅलिफोर्नियातल्या मित्राकडून ती मागवली होती. अडीचशेव्या वर्षी, त्याच तारखेला उघडायची म्हणून.

त्यांनी ती उघडली. लहान लहान पेल्यांत ओतली. मी पुन्हा सौभाग्यवतींकडे पाहिले.

“घ्या हो,” त्या म्हणाल्या, “तीर्थाएवढी घ्या आणि गप्प बसा.”

मी पेला नाकाशी नेला. पपनस शोधत होतो. सापडले नाही. जिभेवर एक घोट घेतला. कडवटपणा बोथट, आणि मागून भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी एक चव. माझा या विषयातला अनुभव शून्य, म्हणून मी काही बोललो नाही. पण जावयांचा चेहरा पडला होता.

“गेली,” ते म्हणाले. “हॉप्सचा वास टिकत नाही बाबा. ही बिअर ताजीच प्यायची असते. मला माहीत होतं, तरी ठेवली.”

टेबलावर क्षणभर कुणी बोलले नाही. मला एकदम काकांची आठवण झाली. पितृपक्षात आजी काकांच्या पानावर आठवणीने अळूवडी वाढत असे. गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ पानावर हवाच, हा आपला रिवाज. एका वर्षी शेजारच्या कुणी तरी कुजबुजत सुचवले, की त्यांच्या खऱ्या आवडीचे पण थोडे ठेवा, नाही तर जीव अडकून राहील. आजी शांतपणे म्हणाली, “माझ्या पोराला अळूवडी आवडायची. दुसरं त्याला लागलं होतं.” आवडणे आणि लागणे यातला हा फरक मी पुढे कुठल्या पुस्तकात इतका स्वच्छ वाचला नाही. आणि आजी दर वर्षी वड्या ताज्या करायची. बाजारात अळू मिळाले नाही तर दोन कोस चालून जायची.

त्या रात्री झोप लागेना. डोक्यात दोन विचार झगडत होते. एक विचार मास्तराचा. इतिहास बाटलीत भरून विकणे बरे का? बोस्टनमध्येच १९८५ साली, याच प्रसंगाच्या स्मृतिदिनी, ‘सॅम्युअल अ‍ॅडम्स’ नावाची बिअर बाजारात आली. अ‍ॅडम्स हा स्वातंत्र्यलढ्याचा मोठा पुढारी. त्याला वडिलांकडून मॉल्टचा धंदा वारशाने मिळाला होता हे खरे, पण आज किती तरी लोकांना तो माणूस आधी बाटलीवर भेटतो. नाव मोठे होते आणि माणूस लहान होतो. आपल्याकडे तर असे नाव देणे कुणी खपवून घेणार नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने दारूच्या दुकानांना आणि बारना थोर व्यक्तींची व गडकिल्ल्यांची नावे देण्यास कायद्याने बंदी केली. आपली रीत उलटी. थोरांच्या दिवशी आपण बाटली बंद करतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे आपले कोरडे दिवस. ज्या घरात काका गेले, त्या घरातल्या माणसाला या रीतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांच्या राज्यात आदराची खूण म्हणून दुकान बंद ठेवणे, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उद्या कुणी मराठी तरुणाने एखाद्या लढाईच्या नावाने बिअर काढली, तर मी टाळ्या वाजवणार नाही.

दुसरा विचार मात्र पाठ सोडीना. बंद करणे हे स्मरण झाले का? दुकानाचे शटर ओढले, कचेरीला सुटी मिळाली, पुढे काय? मेटॅगने निदान दोनशे वर्षांपूर्वीच्या एका रात्रीला चव दिली. कडू, झणझणीत, आधी कुणी न चाखलेली. ती जिभेवर आली की माणूस विचारतो, ही अशी का? आणि गोष्ट सुरू होते. हे तर आपल्याला जुने आहे. रामनवमीला दुपारी बारा वाजता पाळणा म्हटला की हातावर सुंठवडा पडतो. पाडव्याला कडुनिंबाची पाने चावताना तोंड वाकडे करणारे पोर विचारतेच, हे कशाला? मग आजी सांगते. संक्रांतीचा तीळगूळ, नागपंचमीची दिंडे. चवीला तारीख बांधण्यात आपल्याइतका हात कुणाचा बसलेला नाही. पण ही सारी चव देवादिकांची आणि ऋतूंची. आपल्या इतिहासाच्या वाट्याला काय आले? फलक, मिरवणूक, ध्वनिवर्धक आणि हार. डोळ्याला आणि कानाला भरपूर. जिभेला काही नाही, आणि घराला तर काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर गेलो. हजारो माणसे अंधारात उभी होती. आईबापांच्या खांद्यावर घोंगड्यात गुंडाळलेली मुले. उजाडता उजाडता लाल डगलेवाले आले. समोर साध्या कपड्यांतले गावकरी. एक हाळी, मग बंदुकांचा धूर. आठ माणसे गवतावर आडवी झाली आणि बाया धावत आल्या. हे सगळे आजूबाजूचेच लोक, हौशी, दर वर्षी हे करणारे. कुणी भाषण करून रडवत नव्हते, तरी माझ्या शेजारच्या बाईने डोळे पुसले. या सुमाराच्या सोमवारी तिथे ‘पेट्रिअट्स डे’ची सुटी असते आणि बोस्टनची प्रसिद्ध मॅरेथॉन त्याच दिवशी धावते. म्हणजे कुणी पहाटे हिरवळीवर उभा राहतो, कुणी धावतो, कुणी एखादी बाटली उघडतो. प्रत्येकाने आपापले काही तरी शोधून काढले आहे.

परतताना नातवाने माझा हात धरला आणि विचारले, “आजोबा, तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?”

हाच तो प्रश्न. मला उत्तर येत नव्हते असे नाही. मी तारखा घडाघडा सांगितल्या असत्या. पण त्याला सांगायला माझ्याकडे कंदील नव्हता, घोडा नव्हता, आणि मी ज्या जागी त्याला घेऊन गेलो होतो असे म्हणता येईल अशी एकही जागा नव्हती.

कारण तेव्हा आपल्याकडे हुबेहूब तेच चालले होते. त्याच इंग्रजांशी, त्याच वर्षी. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी पेशवाईच्या लोभाने मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. लेक्सिंग्टनच्या त्या पहाटेनंतर महिनाभरही उलटला नव्हता, तोच १८ मे १७७५ ला गुजरातेत अडासच्या मैदानावर मराठ्यांची आणि इंग्रजांची गाठ पडली. पहिले इंग्रज-मराठा युद्ध ते हेच. मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. चारच महिन्यांनी अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. तह टिकला नाही. १७७८ च्या अखेरीस राघोबांना गादीवर बसवायला मुंबईहून इंग्रज फौज बोरघाट चढून निघाली. बैलांचे तांडे, तोफा, गाडे, सगळा संथ कारभार. मराठ्यांनी समोरासमोर लढाई दिली नाही; वाटेत सारखे ओरबाडत राहिले. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट हा शूर इंग्रज अधिकारी पडला. फौज तळेगावला पोचली तेव्हा समोर गाव नव्हते, राख होती. शत्रूला दाणा, वैरण मिळू नये म्हणून गाव जाळून मोकळे केलेले. पुणे तिथून एका मजलेवर. पण उपाशी फौजेचा धीर सुटला. तोफा तळ्यात टाकून ती रात्री मागे फिरली आणि वडगावला महादजी शिंदे व नाना फडणीस यांच्या फौजांनी तिला गाठले. १६ जानेवारीला इंग्रजांनी मान तुकवून करार केला. तिकडे यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिस शरण आला तो १७८१ मध्ये, वडगावनंतर दोन वर्षांनी. तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. जग तेव्हाही एवढेसेच होते.

आणि मी? पुण्यात राहतो. लोणावळ्याची लोकल पकडली की तासाभरात वडगाव. महादजींचे स्मारक तिथे आहे. स्टुअर्टची समाधीही आहे. मराठ्यांनी त्या शत्रूला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. फाकडा म्हणजे बहाद्दर. जिंकलेल्यांनी हरलेल्याला दिलेली ही पदवी मावळात आजही लोकांच्या तोंडी आहे, समाधीला नमस्कार होतो. केवढे मोठे मन! तीस वर्षांत मी किती मुलांना हे परीक्षेपुरते सांगितले असेल. पण एकाही वर्गाला तिथे नेले नाही. स्वतःच्या मुलीलाही नाही. नातवाला पॉल रिव्हिअरच्या पकडल्या जाण्याची जागा माहीत आहे. त्याच्या आईला वडगाव हे एक्स्प्रेस वेवरून जाताना दिसणारे नावही माहीत नव्हते. हा दोष शाळेचा नाही, अभ्यासक्रमाचा नाही. माझा आहे.

परत आल्यावर मी एक छोटे काम केले. पुढच्या जानेवारीत, १६ तारखेला, सोसायटीतल्या सात-आठ मुलांना संध्याकाळी घरी बोलावले. सौभाग्यवतींनी नुसते पिठले आणि भाकरी केली, सोबत कांदा आणि ठेचा. गोड काही नाही. पोरांची तोंडे उतरली. एकाने विचारलेच, “काकू, आज फक्त एवढंच?” मी याचीच वाट पाहत होतो. म्हटले, “एका गावाने आजच्या आधी काही दिवस आपल्या घरातलं सगळं धान्य जळू दिलं. त्यांच्याकडे एवढंही नव्हतं.” मग तळेगावची गोष्ट सांगितली. जळालेल्या घरांची, चिखलात रुतलेल्या तोफांची, आणि मेलेल्या शत्रूला फाकडा म्हणणाऱ्या माणसांची. व्हिडिओवर पलीकडे नातू होता. त्याच्याकडे सकाळ होती. त्याच्या आईने त्याला सकाळी सकाळी पिठले करून दिले होते. ठेच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि तो हसायला लागला. लगेच पुढच्या रविवारी त्यातली पाच मुले आणि दोन पालक माझ्याबरोबर लोकलने वडगावला आले.

मला कुणी विचारील, पिठले-भाकरीचा आणि वडगावच्या लढाईचा पुरावा काय? पुरावा नाही. मेटॅगच्या बिअरचाही नव्हता. रिव्हिअरने कॅस्केडचा वास कधी घेतला नव्हता. चव ही साक्षीदार नसते. ती दारावरची कडी वाजवते, एवढेच तिचे काम. दार उघडल्यावर आत खरी गोष्ट सांगणारा माणूस हवा, आणि ती गोष्ट खरी हवी. रिव्हिअर पोचला नाही हे सांगणाऱ्या शिक्षकासारखी. आपल्याही गोष्टीत राघोबांचा लोभ वगळून चालणार नाही.

जावयांची ती बाटली चुकली कुठे, याचा मी पुष्कळ विचार केला. प्रेमाने आणली, जपून ठेवली, तारीख पाळली. पण ती दोन वर्षांपूर्वीची होती. स्मरणही हॉप्सच्या वासासारखेच असावे. जपून ठेवून टिकत नाही. दर वर्षी नव्याने घाणा चढवावा लागतो. आजीला हे माहीत होते. म्हणून ती अळूसाठी दोन कोस चालायची.

१६ जानेवारी २०२९ ला वडगावला अडीचशे वर्षे होतील. त्या दिवशी मंडप पडतील, पाहुणे येतील, हार पडतील. पडोत. त्याआधीच्या जानेवारीत मात्र तुमच्या घरी एका संध्याकाळी चुलीवर काय चढेल, ते तुम्ही ठरवा. पिठलेच हवे असे नाही. फक्त ते ताजे असावे, आणि ताटावर बसलेल्या पोराने “आज हे का?” असे विचारले, तर उत्तर द्यायला कुणी तरी घरात हवे.